खांबावरून घसरलेला माणूस

आज जेवणं उरकल्यावर लेकाला जॅकी चॅनचा १९८५ चा 'पोलीस स्टोरी' दाखवला. मॉलमध्ये दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून तो सरसर खाली येतो, काचा फोडत आदळतो. "बाबा, हे ग्राफिक्स ना?" नाही रे राजा, तळहाताची सालटी निघाली होती त्याच्या! लहानपणी हाँगकाँगच्या पेकिंग ऑपेरा (गाणं-कसरतींचं पारंपरिक चिनी नाटक) शिकवणाऱ्या शाळेत मार खात कोलांट्या शिकला. पुढे युगोस्लाव्हियात शूटिंगला झाडावरून पडला, कवटी फुटली. मला मात्र शेवटी नावांबरोबर दाखवतात त्या फसलेल्या उड्याच जास्त आवडतात. नायक असून हा गडी चक्क कळवळतो.

संध्याकाळी चिरंजीव सोफ्यावरून झेपावताना सापडले. टीपॉय वाचला, माझा चहा नाही.