कोल्हा कशाला राजी

आपल्याकडे कोल्हा म्हटला की लबाड. द्राक्षं आंबट म्हणणारा, नाहीतर काकडीला राजी होणारा. त्यामुळे जपानात, क्योटोच्या फुशिमी इनारी देवस्थानाला दारातच दोन कोल्हे दिसले, तेव्हा आधी हसूच आलं. गळ्यात तान्ह्या बाळासारखं लाल लाळेरं, आणि एकाच्या तोंडात चक्क किल्ली. धान्याच्या कोठाराची! चोराच्या हाती किल्ल्या दिल्यासारखंच हे. पण इथे तो चोर नाही, भाताच्या देवाचा, इनारीचा निरोप्या. उंदीर खाऊन धान्य राखतो म्हणून ही नेमणूक, असं म्हणतात.

देवस्थान इसवी सन 711चं. कथा अशी की, हाता घराण्यातल्या एका श्रीमंताने मोचीला, म्हणजे तांदळाच्या गोळ्याला, नेम धरून बाण मारला. मोचीचा पांढरा पक्षी झाला, डोंगरावर जाऊन बसला, तिथे भात उगवला. अन्नावर बाण मारायचा आणि वर पीकही पदरात, हे काही मला पटलं नाही. आमच्या आजीने ताटात शीत टाकलं तरी धपाटा घातला असता.

पुढे या इनारीची सांगड बौद्धांच्या दाकिनीशी घातली गेली. ती मूळची भारतातली. आपली डाकीणच की! तिकडे पांढऱ्या कोल्ह्यावर बसून बरकत देते. आपल्याकडे मात्र पोरांना भेवडवण्यापुरती उरली.

मग त्या प्रसिद्ध शेंदरी कमानी. डोंगरभर हजारो, इतक्या खेटून की ऊन फटींतूनच खाली पडतं. चढताना त्या कोऱ्या दिसतात. दमून मागे वळले, तर प्रत्येक खांबावर काळी अक्षरं: देणगीदाराचं नाव आणि तारीख. बरेचसे व्यापारी, कंपन्या. लिपी वाचता येईना, पण मजकूर ओळखीचा वाटला. आमच्या गावच्या देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर हेच असतं. पंखा बंद असला की वाचता येतं.

वाटेत एक दगड आहे. इच्छा मनात धरून उचलायचा. वाटला त्याहून हलका लागला तर इच्छा पुरी होते. मी उचलला. चांगलाच जड होता.

खाली येऊन इनारीझुशी घेतली. तळलेल्या तोफूच्या पिशवीत आंबटगोड भात. कोल्ह्याला हा तोफू फार आवडतो म्हणे. या भागात ती त्रिकोणी करतात, त्याच्या कानासारखी. पहिला कान खाल्ला आणि दुसरी प्लेट मागवली.