उडून आलेल्या डोंगरापाशी त्रिसरण

शांघायच्या टूरमध्ये हांगचौचा दिवस टूर मॅनेजरला तसा हलका जातो. होंगच्याओ स्टेशनवर प्रत्येकाच्या हातात पासपोर्ट आहे ना, तेवढं बघायचं, कारण बुलेट ट्रेनच्या तिकिटाचं काम तोच करतो. तासाभरात हांगचौ. मग वेस्ट लेक, बोट, फोटो, चहाचं दुकान आणि रात्री जेवायला परत शांघाय. चहाच्या दुकानात लोंगजिंग चहाचे भाव ऐकून आपली मंडळी नुसती फुकटची चव घेऊन बाहेर पडतात, हेही ठरलेलं.

त्या दिवशी तळ्यावर हलकं धुकं होतं. साडेसहा चौरस किलोमीटरचं हे तळं, तिन्ही बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला शहर. ग्रुपमध्ये पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब होते. त्यांना विलो आणि कमळांपेक्षा बांधात रस. सू डोंगपो हा कवी 1089 मध्ये इथे अधिकारी म्हणून आला तेव्हा तळं गाळाने आणि पाणवनस्पतींनी भरत चाललं होतं. त्याने गाळ उपसला आणि त्याच गाळाचा तळ्यातून आरपार जाणारा पावणेतीन किलोमीटरचा बांध घातला, वर सहा पूल. हे ऐकून साहेब म्हणाले, "आमच्याकडे काढलेला गाळ काठावरच ठेवायचे. पुढच्या पावसात पुन्हा आत!" बोटीत पाकिटातली एक युआनची नोट दाखवली. तिच्या मागे याच तळ्यातले तीन छोटे दगडी मनोरे आहेत. ही नोट मी जपून ठेवतो. तिथे आता भाजीवालाही मोबाईलवरच पैसे घेतो, नोट फारशी बघायलाच मिळत नाही.

खरा दिवस सुरू झाला तो लिंगयिन मंदिरापाशी. तळ्यापासून बसने जवळच. चौथ्या शतकात ह्वेली नावाच्या भारतीय भिक्खूने हे मंदिर स्थापलं असं मानतात. समोरचा चुनखडीचा डोंगर बघून तो थबकला आणि म्हणाला, हे तर आमच्याकडचं गृध्रकूट, बुद्धांनी जिथे उपदेश केला तो राजगीरचा डोंगर, इथे कधी उडून आलं? लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा त्याने डोंगराबरोबर तिकडूनच आलेलं गुहेतलं माकड हाक मारून बाहेर बोलावलं, अशी कथा. आजूबाजूचे डोंगर वालुकाश्माचे, हा एकटाच वेगळा, त्यामुळे कथेला जागा मिळाली असावी. डोंगराचं नावच उडून आलेलं शिखर, फेलाय फेंग.

लोकल गाईड मॅडम हे इंग्रजीत सांगत होत्या, मी मराठीत. नागपूरचे एक काका-काकू होते, काका पोस्टातून निवृत्त. दोन दिवस काका माझ्याशी 'जयभीम' आणि 'बस किती वाजता' एवढंच बोलले होते. ते एकदम पुढे आले. "राजगीरचं गृध्रकूट मी चढून आलो आहे. तिथला दगड असा नाही जी." मॅडमना सांगितलं. त्यांचा चेहरा असा, की वर्षानुवर्षं सांगितलेल्या गोष्टीचा साक्षीदारच समोर उभा राहिलाय.

डोंगराच्या अंगावर दहाव्या ते चौदाव्या शतकांतली तीनशेहून जास्त शिल्पं आहेत. पोट सुटलेल्या हसऱ्या मूर्तीपाशी फोटोला झुंबड. काकू ठामपणे म्हणाल्या, "हे बुद्ध नव्हेत." त्यांचं बरोबर होतं. तो बुदाई नावाचा चिनी भिक्खू, भावी बुद्ध मैत्रेयाचा अवतार मानलेला. आपल्याकडे भेटवस्तूंच्या दुकानात 'लाफिंग बुद्धा' म्हणून जो मिळतो, तो हाच. मंदिरात हातात देतात त्या उदबत्त्याही दोघांनी घेतल्या नाहीत. "आम्हाला नवस-बिवस नाही," काका म्हणाले.

ह्वेलीच्या स्मरणार्थ तिथे एक सहा कोनांचा, मजल्या-मजल्यांचा दगडी स्तूप आहे. शेवाळलेला, सहसा कुणी थांबत नाही. हा त्या भारतीय भिक्खूचा, असं मी सांगताच काकांनी चपला काढल्या, काकूंनी पदर सावरला आणि दोघं हात जोडून म्हणू लागले, "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स…" तीन वेळा. मग त्रिसरण, मग पंचशील. खणखणीत, विहारात रोज म्हणणाऱ्यांचा आवाज. मी घड्याळ बघत होतो, ट्रेन डोक्यात. ग्रुपमधले निम्मे चुळबुळत होते. तेवढ्यात मागून चार-पाच चिनी आजीबाई आल्या. पाली त्यांना कळायचं कारण नाही, पण हात जोडून उभ्या राहिल्या आणि संपल्यावर "आमितोफो", म्हणजे अमिताभ बुद्धांचं नाव, म्हणत वाकल्या. एकीने काकूंच्या हातात संत्रं दिलं. काकूंनी पर्समधली चिवड्याची पुडी काढून तिला दिली. कुणाचा फोन, कुणाचं भाषांतर, कशाचीच गरज पडली नाही.

लेफेंग पॅगोडा राहून गेला. 1924 मध्ये कोसळलेला आणि 2002 मध्ये नव्याने उभा केलेला तो मनोरा बसमधूनच दाखवला. ट्रेनमध्ये एका बाईंनी तोंडावर ऐकवलं, "जाहिरातीत पॅगोडा होता." होताच. मी माफी मागितली आणि त्यांना खिडकीची जागा दिली. काका मात्र साहेबांना गृध्रकूटाच्या पायऱ्या समजावत होते आणि साहेब कागदावर चढ काढून बघत होते.

आता हांगचौला आधी लिंगयिन आणि मग तळं, असा क्रम मी लावून घेतलाय. गाईड मॅडमनी मला विचारलं होतं, ते शब्द लिहून देशील का? काकांनीच दिले, रोमन लिपीत, पोस्टातल्या सुवाच्य अक्षरात.