उचल

पोळा झाला की आमच्या गावात ऊसतोडीसाठी मजूर जमवणाऱ्या मुकादमाची मोटारसायकल फिरायला लागते. कुणी किती उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतली, हे आठ दिवसांत माझ्या चौथीच्या पोरांनाही पाठ असतं. मी बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळीनंतर पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि अर्धा वर्ग रिकामा होतो.

माझी आई बावीस हंगाम कोयत्यावर गेली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता, त्याची उचलही अर्धीच. आई पहाटे तीनला उठायची. कोपीबाहेर, म्हणजे तिथल्या झोपडीबाहेर, तीन दगडांवर भाकरी थापायची, मग उसाच्या फडात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. पाळीत पोट दुखलं म्हणून बसली, तर खाडा पडायचा आणि दंड उचलीत चढायचा. तेहतिसाव्या वर्षी एका डॉक्टरने तिची गर्भपिशवी काढायला सांगितली. तिने काढली. २०१९ मध्ये बीडमधल्या अशा ऑपरेशनांच्या बातम्या आल्या, सरकारने समिती नेमली. तेव्हा आई एवढंच म्हणाली, "आम्हाला वाटायचं, सगळ्याच बायांचं असंच असतं."

लोक दुष्काळामुळे जातात, असं सगळे म्हणतात. खोटं नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात आमच्या बाया टँकर येईल म्हणून रात्र रात्र विहिरीवर बसून होत्या. पण चांगला पाऊस झाला तरी गाडी भरतेच, कारण मागची उचल फिटलेली नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये तर सिंदफणेला पूर आला. कापूस गेला, तूर गेली, नदीकाठची काळी माती खरडून खालचा मुरूम उघडा पडला. एका विद्यार्थ्याचे आजोबा बांधावर उभे राहून म्हणाले, "बाई, दुष्काळात पीक जायचं. हे रानच गेलं." यंदा ऊसतोडीला जायचं नाही, असं त्यांच्या मुलाने ठरवलं होतं. दसऱ्याच्या आत त्याने उचल घेतली.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मोठ्या मुलींची. पोरगी वयात आली की कोपीत न्यायची भीती आणि गावात एकटी ठेवायचीही भीती. मग तिचं लग्न लावून देतात. लग्न झालं की एक नवा कोयता तयार होतो, हे बोलून कुणी दाखवत नाही. अशा मुलांना गावातच राहता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय कागदावर आहे, पण आमच्याकडे ती सुरू होईपर्यंत गाड्या निघून गेलेल्या असतात. त्या बापांना मी दोष देऊ शकत नाही. माझ्या बापानेही माझ्यासाठी स्थळ पाहिलं होतं. आई आडवी आली, म्हणून मी आज फळ्यासमोर उभी आहे.

यंदा आमच्या घरी चार मुली राहतात. त्यांचे आईबाप कोल्हापूरकडे गेलेत. रविवारी माझ्या फोनवरून बोलतात, फोन ठेवल्यावर थोडा वेळ कुणीच कुणाशी बोलत नाही.

आई अजूनही तीनलाच जागी होते. चूल पेटवते, पाणी तापायला ठेवते आणि पोरी उठायची वाट बघत बसते.