सदतीसात एक, पाचात एक

मी सायकल घेतली हे फोनवर सांगितलं तेव्हा बाबांनी किंमत विचारली नाही. "चढ किती आहेत गं तिकडे?" एवढंच विचारलं. बाबांची सगळी नोकरी इगतपुरीला गेली. कसाऱ्याहून गाडी घाट चढताना मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात, त्यातलं एक ते चालवायचे. थळ घाटाचा चढ सदतीसात एक. म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. आम्हा भावंडांना हे पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

मी राहते इंग्लंडच्या ईशान्येला, मिडल्सब्रोमध्ये. गावाच्या दक्षिणेला नॉर्थ यॉर्क मूर्सची काळसर कड दिसते. मूर म्हणजे उंचावरचं उघडंबोडकं पठार. झाडं जवळजवळ नाहीत, खाली पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची, काळी ओली माती, वर गुडघाभर हेदरची झुडपं आणि वारा. १९५२ पासून हे नॅशनल पार्क आहे.

आणि सायकल आहे ग्रॅव्हल बाईक. हँडल रेसिंग सायकलसारखं वाकवलेलं, पण टायर जाड. माझे चाळीस मिलिमीटरचे आहेत आणि हवा मुद्दाम कमी ठेवते. डांबरावर ती जरा रेंगाळते, पण मुरमाच्या वाटेवर खूश असते. पंचेचाळिशीच्या गुडघ्यांना माउंटन बाईकचे उद्योग झेपत नाहीत, आणि इथल्या रस्त्यांवर गाड्या अंगावर येतात. म्हणून हा मधला मार्ग.

पण इथे मुरमाची वाट दिसली म्हणून सायकल घातली, असं चालत नाही. फूटपाथ म्हणजे इथे शेतामाळातल्या पायवाटा, त्या फक्त पायी चालणाऱ्यांच्या. ब्रायडलवे मूळचे घोड्यांचे, तिथे १९६८ च्या कायद्याने सायकललाही परवानगी मिळाली, अट एवढीच की चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्यायची. नकाशात दोन्ही तुटक रेषाच. मोठ्या प्रमाणाच्या नकाशात दोन्ही हिरव्या, फूटपाथच्या तुटक रेघा आखूड, ब्रायडलवेच्या लांब. पहिल्या वर्षी हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता, तेव्हा एका आजोबांनी इतक्या गोड आवाजात झापलं की मी आधी आभारच मानले.

गेल्या ऑगस्टात मैत्रिणीने मला पिकरिंगला सोडलं. तिथून उत्तरेला क्रॉप्टनचं जंगल, मग रोझडेल, मग जुन्या रेल्वेच्या वाटेने मूर ओलांडून बॅटर्सबी स्टेशन आणि गाडीने घरी, असा बेत होता. पन्नासेक किलोमीटर.

जंगलाबद्दल फार लिहीत नाही, कारण मला ते आवडत नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांना आणि कोळशाच्या खाणींना लाकूड पुरेना, म्हणून १९१९ मध्ये सरकारने फॉरेस्ट्री कमिशन काढलं आणि उजाड जमिनींवर सूचिपर्णी झाडं लावत सुटले. त्यातलं सिटका स्प्रूस तर थेट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आणलेलं. रांगेत उभी, एका वयाची झाडं. खाली उजेड नाही म्हणून गवतही नाही. लाकडाच्या ट्रकसाठी केलेले खडीचे रस्ते मात्र सायकलला झकास.

रोझडेल हे हिरवंगार खोरं. मेंढ्या, दगडी कुंपणं, चहाचं दुकान. बघून कुणालाही वाटेल, इथे कधी काही घडलंच नसेल. पण १८५० च्या दशकात इथे उत्तम प्रतीचं लोहखनिज सापडलं आणि वीसेक वर्षांत पाचशे वस्तीचं खोरं अडीच हजारांच्या वर गेलं. खोऱ्यातून वर जाणाऱ्या रस्त्याचं नाव चिमणी बँक. बँक म्हणजे इथल्या बोलीत चढ. चढ तिनात एक! खाणीची उंच चिमणी वर उभी होती, ती १९७२ मध्ये पाडली, नाव राहिलं. मी अर्थातच सायकल ढकलत गेले. एक पोरगा डुलत डुलत चालवत वर गेला, त्याच्याबद्दल काही बोलायचं नाही.

वर पोचलं की भट्ट्यांच्या दगडी कमानी लागतात. इथे खनिज भाजायचे. भाजल्यावर त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो, वजन घटतं, आणि मग तेवढं कमी ओझं वाहावं लागतं. हे खनिज डरहॅमकडच्या लोखंडाच्या कारखान्यांना न्यायला १८६१ मध्ये मूरच्या माथ्यावरून रेल्वे टाकली. आपला खंडाळ्याचा घाट सुरू झाला त्याच्या दोनच वर्षं आधी. १९२९ मध्ये ती बंद झाली. रूळ उचलून नेले आणि राहिली ती नुसती वाट.

त्या वाटेवर सायकल घातली आणि पाच मिनिटांत बाबांची आठवण आली. कारण चढच संपला. समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास आहे, दोन्हीकडे खोरी कोसळताहेत, आणि मी जवळजवळ सपाटीवर. ओढा आला की भराव, टेकाड आलं की खोदलेली खिंड. वाट डोंगराची कड सोडत नाही, प्रत्येक खोऱ्याच्या टोकापर्यंत आत जाते आणि वळसा घालून परत येते. समोरचा माणूस दगड फेकला तर लागेल इतका जवळ दिसतो, आणि त्याच्यापर्यंत पोचायला अर्धा तास. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नव्हता म्हणून कुणीतरी फावड्या-कुदळीने तो कापून ठेवला, आणि दीडशे वर्षांनी त्याचा फायदा माझ्या गुडघ्यांना.

ब्लेकीला लायन इन नावाचं एकटंच जुनं पबघर आहे. तिथे चिप्स खाल्ले, बाटली भरली. पुढे फार्नडेलच्या माथ्यावर हेदर पूर्ण फुललं होतं, नजर जाईल तिथवर जांभळं. फोटो टाकला की सगळे विचारतात, "कास का?" कासची फुलं पावसावर येतात, हा रंग मात्र राखावा लागतो. हिवाळ्यात पट्ट्यापट्ट्याने हेदर जाळतात, आपल्याकडे राब भाजतात त्याची आठवण यावी असं. मग कोवळे कोंब फुटतात, ते ग्राउझ पक्षी खातात, आणि १२ ऑगस्टपासून लोक पैसे भरून त्या ग्राउझांना मारतात. न जाळता, न चारता सोडलं तर बऱ्याच ठिकाणी हळूहळू झाडं उगवतील. जाळल्याने पीटमधला कार्बन बाहेर पडतो, यावरून इथे भांडणंही जोरात आहेत. मला तो जांभळा रंग आवडतो आणि तो कशासाठी राखलाय ते आवडत नाही. दोन्ही एकाच सायकलवर बसवून फिरते.

समोरून वारा सुरू झाला. सपाट वाट वाऱ्यात चढापेक्षा वाईट, कारण उतार कधी येतच नाही. ब्लोवर्थ क्रॉसिंगपर्यंत कुणी भेटलं नाही. ग्राउझ तेवढे झुडपातून "गो-बॅक, गो-बॅक" ओरडत उडत होते. ते खरंच असंच ओरडतात.

मग एकदम मूर संपतो. पायाखाली टीसाइडचं, म्हणजे मिडल्सब्रोकडचं मैदान, आणि खाली जाणारी सरळ रेघ: इंगलबी इन्क्लाइन. इथे फोनला रेंज येते. इगतपुरीला रात्रीचे साडेनऊ वाजले होते. बाबांना व्हिडिओवर उतार दाखवला.

"किती?"

"जास्तीत जास्त पाचात एक."

बाबांनी चष्मा लावला. "इंजिन नाही चढणार."

नव्हतंच चढत. इंजिनं वर माथ्यावरच राहायची. मोठ्या दुरुस्तीलाच तेवढी खाली न्यायचे. भरलेले डबे दोराला बांधून सोडायचे आणि त्यांच्याच वजनाने खालचे रिकामे डबे वर यायचे. सव्वा किलोमीटरहून लांब उतार, इंजिनाविना. बाबा गप्प झाले. नंतर म्हणाले, "बसून उतरू नकोस. दोन्ही ब्रेक धरून चालत जा."

चालतच गेले. सुटे दगड होते, बूट घसरत होते, तळहात दुखायला लागले.

बॅटर्सबीला फलाटावर मी एकटीच. हे एके काळचं जंक्शन. पुढची लाइन बंद झाली, त्यामुळे व्हिटबीची गाडी अजूनही इथे येऊन दिशा बदलते. गाडी आली. ड्रायव्हर आपल्या केबिनमधून उतरला, हातात थर्मास, आणि फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनकडे निघाला. खंडाळ्याच्या घाटातल्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनबद्दल बाबा सांगायचे, ते आठवलं. रिकाम्या फलाटाचा फोटो काढून त्यांना पाठवला. झोपले असतील वाटलं होतं, पण लगेच उत्तर आलं: "लूप लाइन कुठाय? नीट काढ."