कुलूपबंद कपाटातले रसायनशास्त्र

लालबाग-परळ भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी २१ वर्षे नववी-दहावीला विज्ञान शिकवले. तपासणीच्या वेळी ‘प्रयोगशाळा आहे का’ या रकान्यात आमच्याकडून दरवर्षी ‘होय’ असे लिहिले जाई, आणि ते खोटे नव्हते. कपाट होते, कपाटात परीक्षानळ्या होत्या आणि कपाटाला कुलूप होते. सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळेत फुटलेल्या काचसामानाचा हिशेब कोणी द्यायचा हे कधीच ठरले नाही, म्हणून किल्ली कार्यालयात राही. प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरली गेली नाही. ३५ मिनिटांच्या तासिकेत किल्ली आणणे, साहित्य मांडणे, ६० मुलांकडून प्रयोग करून घेणे आणि सगळे धुऊन परत ठेवणे एकट्या शिक्षकाला जमण्यासारखे नव्हते.

याचा परिणाम गुणपत्रिकेत शोधायला गेल्यास फसगत होते. दहावीच्या विज्ञानात लेखी परीक्षेचे दोन भाग प्रत्येकी ४० गुणांचे आणि प्रात्यक्षिक २० गुणांचे असते. हे २० गुण माझ्या पाहण्यात तरी सढळ हातानेच दिले जात, त्यामुळे प्रयोग केलेला आणि न केलेला विद्यार्थी तिथे सारखाच दिसे. फरक उघड होई तो ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नात. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात लोखंडी खिळा ठेवल्यास निळा रंग फिका पडतो आणि खिळ्यावर तांबूस थर बसतो, हे पाठ करणाऱ्यालाही लिहिता येते. पण फेरस सल्फेटच्या द्रावणात तांब्याची तार ठेवली तर काय होईल, असे विचारताच तोच विद्यार्थी निर्धास्तपणे उलटे समीकरण लिहून मोकळा होतो; प्रत्यक्षात तिथे काहीच घडत नाही. रसायनशास्त्रात डोळ्यांना दिसणारा बदल, न दिसणारे कण आणि कागदावरची चिन्हे या तिन्हींची सांगड घालावी लागते. पहिली गोष्टच गाळली की समीकरण ही निव्वळ पाठांतराची ओळ उरते.

अमेरिकेत १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या अहवालात मुलांच्या शैक्षणिक यशावर शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा प्रभाव मोठा दिसला होता. १९८३ मध्ये हेनेमन आणि लॉक्सली या संशोधकांनी २९ देशांची तुलना केली, तेव्हा गरीब देशांत शाळेचा वाटा अधिक असल्याचे आढळले. चाळीतल्या एका खोलीत वाढणाऱ्या मुलाला लिटमस कागद शाळेतच भेटणार, त्यामुळे मला या दुसऱ्या निष्कर्षाचे नवल वाटत नाही. मात्र साधन म्हणजे केवळ वस्तू नव्हे. वस्तूच म्हणाल, तर मुंबईच्या पावसाळ्यात सैल झाकणाच्या बाटलीतील सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतील ओल शोषून चिकट लगदा होतात. ते कपाट जूनमध्ये भरून नोव्हेंबरमध्ये उघडणाऱ्या शाळेने खरेदीची पावती तेवढी जपून ठेवावी.

एका वर्षी मुख्याध्यापिकाबाईंकडे रदबदली करून मी किल्ली माझ्याकडे घेतली आणि दोन तासिका जोडून मागितल्या. बहुतेक सामान वाण्याकडचे आणि फुलबाजारातले होते: हळद, जास्वंद, खाण्याचा सोडा, चुना. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते, इथपर्यंत वर्गाला ठाऊक होते. एक मुलगी मात्र फुंकतच राहिली आणि द्रावण पुन्हा नितळ झाले. आपलेच काही चुकले असे समजून ती ते ओतून टाकायला निघाली होती. मी तिला थांबवले. अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेटचे जादा कार्बन डायऑक्साइडमुळे विद्राव्य बायकार्बोनेट झाले होते. स्पिरिटच्या दिव्यावर तापवताच तो गढूळपणा परत आला. असेच बायकार्बोनेट विरघळलेले असल्याने साबणाला नीट फेस न येऊ देणाऱ्या दुष्फेन पाण्याचा धडा त्या वर्गाला मला वेगळा शिकवावा लागला नाही.

वर्षअखेरीस फूटतुटीच्या वहीत अकरा परीक्षानळ्या आणि एक चंचुपात्र अशी नोंद झाली. कार्यालयाने त्याबद्दल लेखी खुलासा मागितला. तो मी दिला आणि सोबत पुढच्या वर्षासाठी वीस परीक्षानळ्यांचे मागणीपत्र जोडले.