दवाने केला घात

चाऱ्याच्या गवताला युरिया टाकून आज अकरावा दिवस. एवढ्या दिवसांत पाऊस झाला तो ३ मिमी, तोही तिसऱ्या दिवशी, जेमतेम धूळ बसण्यापुरता. 'ढग बघून अचूक वेळ साधली' अशी फुशारकी मी मागच्या वेळी मारली होती. ती मागे घेतो.

पाऊस अजिबात आला नसता तरी इतका जीव जळला नसता. कोरड्या जमिनीवर कोरडा दाणा बरेच दिवस तग धरतो. खरा घात केला दवाने. पहाटे गवत चिंब, दहाच्या सुमाराला कडक ऊन, असं रोज. पाचव्या दिवशी गुडघे टेकून पाहिलं, तर गेल्या हंगामातल्या वाळक्या काडीकचऱ्यावर दाण्यांच्या जागी नुसते ओलसर ठिपके. युरियेज, म्हणजे युरिया फोडणारं विकर, तर त्या अर्धवट कुजक्या थरात भरपूर! दाणा विरघळला, आजूबाजूचा सामू (pH) चढला आणि नत्र अमोनिया होऊन हवेत. ते खाली मुरवायला एका दमात १२-१५ मिमी पाणी हवं होतं.

खात्री करायला बरण्यांचा जुना उद्योग केला. एका बरणीत कचऱ्यासकट मातीचं ढेकूळ, वर चार दाणे युरिया, दोन चमचे पाणी, आणि झाकणाला आतून ओला तांबडा लिटमस. दुसरीत तेच, पण अमोनियम सल्फेट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्या बरणीतला कागद निळा, आणि झाकण उघडताच नाकात असा झणका की डोळ्यांत पाणी. दुसरीतला कागद तांबडाच. (माझ्या मातीचा सामू ६.३ आहे. चुनखडीच्या जमिनीत अमोनियम सल्फेटही दगा देतं.) नत्र नेमकं किती उडालं, हे मात्र बरणी सांगत नाही.

एक गोष्ट जमली. खत सगळीकडे सारखं पडतं का, हे पाहायला स्प्रेडरच्या वाटेत ट्रे मांडले होते. हेक्टरी ५० किलो नत्र म्हणजे १०९ किलो युरिया, म्हणजे ५० सेंमी चौरस ट्रेमागे २.७ ग्रॅम. ओळीतल्या १२ पैकी १० ट्रेंत वजन २.५ ते २.९ भरलं! गेल्या वर्षी खत कमीजास्त पडून गवतात झेब्र्यासारखे पट्टे उमटले होते. तेव्हा मी उगाच स्प्रेडरच्या पात्यांना शिव्या घातल्या. दोष स्वस्तातल्या गोणीचा होता, निम्मा भुगाच, आणि भुगा लांब फेकला जात नाही.

आता उडालेलं भरून काढायला लगेच आणखी २५ किलो नत्र द्यायचं ठरवलं होतं. लिहिता लिहिताच तो बेत रद्द. ओलीअभावी वाढ खुंटलीय, त्यात नत्र ओतलं तर जनावरांना विषारी ठरणारं नायट्रेट खोडाच्या बुडाशी साठणार. मुरघासात ते निदान थोडं तरी कमी होतं, वाळल्या चाऱ्यात तसंच राहतं. तेव्हा पहिली कापणी येईल तेवढी, पातं १० सेंमीवर, आणि जनावरांपुढे टाकण्याआधी गासड्यांचा नमुना तपासणीला. पुढचा हप्ता कापणीनंतर, तोही ओल असली तरच.

तेव्हा काय टाकायचं? एनबीपीटी (युरियेजला रोखणारं रसायन) लावलेला युरिया साधारण १०-१४ दिवस निभावतो, पण असा कोरडा काळ लांबला तर त्याचीही मुदत संपते. माझा कल अमोनियम सल्फेटकडे. नत्र २१ टक्केच, त्यामुळे तेवढ्याच नत्राला २३८ किलो वाहायचं, वर जमीन आंबट होते म्हणून पुढे चुन्याचा खर्च. पण गंधक मिळतं आणि झोप लागते.

अरे हो, पालाश (पोटॅश) तर उडत नाही! मग ते आत्ताच टाकून मोकळं व्हावं का? सगळं एकदम नको, गवत गरजेपेक्षा जास्त ओढून घेतं. निम्मं टाकतो. आधी माती परीक्षणाचा कागद शोधायला हवा, बहुतेक ट्रॅक्टरच्या सीटखाली असेल.