तुम्ही विचारलंत म्हणून: हाकुशू 12 या बारा वर्षं मुरवलेल्या जपानी व्हिस्कीतला धूर कुठे लागतो?

"हाकुशू 12 धुरकट असते म्हणतात, मला तर धूर लागतच नाही," अशी तक्रार हमखास येते. जिभेत काही बिघाड नाही. तुम्ही तो पहिल्या घोटात शोधताय, आणि तो येतो शेवटी.

ती बनवणारी सनटोरी कंपनीची डिस्टिलरी 1973 साली जपानच्या यामानाशीत, काई-कोमा डोंगराच्या पायथ्याशी, सुमारे 700 मीटर उंचीवर सुरू झाली. इथल्या व्हिस्कीचा स्वभाव हिरवा. पुदिना, काकडी, हिरवं सफरचंद. धूर पिंपातून येत नाही, मोड आणलेलं जव पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या मातीच्या, धुरावर वाळवतात तेव्हा फिनॉल नावाची संयुगं दाण्याला चिकटतात, तिथून येतो. हाकुशूत तो बेतानेच ठेवतात. फळांचे वास हलके, ते आधी उडतात. फिनॉल जड, मागे रेंगाळतात. म्हणून तो धूर सणकून येत नाही, चुलीवर तापवलेल्या दुधासारखा मागून जाणवतो.

तोंडाशी निमुळता होणारा ग्लास घ्या. साबणाचा किंवा कपाटाचा वास नको, साध्या पाण्याने विसळून हवेवर वाळवा. 20 ते 30 मिली पुरे. मे महिन्यात खोली 35 अंशांवर असेल तर मद्यार्काची वाफच नाकात झोंबते आणि बाकी सगळं झाकलं जातं. अशा वेळी भरलेल्या ग्लासचा तळ दोन-तीन मिनिटं माठातल्या पाण्यात टेकवा. बर्फ मात्र नको, गार झाली की वास मिटतात.

नाक ग्लासात खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून कडेपासून दोन बोटं वर धरा, छोटे छोटे श्वास घ्या. नाक बधिर झालं तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, पुन्हा ताळ्यावर येतं. छोटा घोट जिभेवर पाच-सात सेकंद फिरवा, गिळा, ओठ मिटून नाकाने श्वास सोडा. धूर इथे भेटतो.

तरी नाही लागला, तर पाणी. बाटलीत 43 टक्के मद्यार्क असतो. 30 मिलीत एक छोटा चमचा, म्हणजे 5 मिली पाणी घातलं की तो साधारण 37 वर येतो. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रिडमन यांनी संगणकावर मांडणी करून दाखवलं, की मद्यार्क 45 टक्क्यांपर्यंत असला तर धुरकट वासाचं ग्वायकॉल पृष्ठभागाशी थांबतं, 59 च्या वर गेला की आत मिसळून जातं. पाणी घालणं कमीपणाचं नाही, उलट या व्हिस्कीला ते मानवतं. फक्त क्लोरीनचा वास येणारं नळाचं पाणी नको. चमचा-चमचा घाला, एकदम ओतलंत की घोट पातळ होतो आणि परतीची वाट नाही.

बहुतेकांचं घोडं अडतं ते चकण्यापाशी. तंदुरी, कांदा-लिंबू, मसाला पापड तोंडात असताना इतका नाजूक धूर कळणं अशक्य. बिनमसाल्याचे काजू चालतील, तेही नंतर. त्याच बैठकीत लाफ्रॉएग किंवा आर्डबेगसारखी भरपूर धुराची स्कॉच असेल तर हाकुशू आधी घ्या. त्या दणदणीत पीटनंतर ही फक्त गोड लागेल. शेजारी सिगारेट किंवा उदबत्ती जळत असेल तर दुसऱ्या खोलीत बसा.

आणि रिकामा ग्लास लगेच धुऊ नका. वीसेक मिनिटांनी हुंगा. मद्यार्क आणि फळं उडून गेलेली असतात, धूर तळाशी असतो. एकदा तिथे ओळख पटली की पुढच्या घोटात तो शोधावा लागत नाही.